खोलीला पिवळा दिला आणि कोपरे हिरवट दिसतायत

ओसरी

मंडळी, पंधरा दिवस झाले, रोज सकाळी त्या खोलीच्या दारात उभी राहते आणि मन खट्टू होतं. शेवटी म्हटलं, इथे विचारावं.

घरात एक मागची खोली आहे. एकच खिडकी, आणि तिच्यातून थेट ऊन कधीच आत येत नाही. आभाळाचा येईल तेवढाच उजेड, त्यातही बाहेर मोठं झाड. भर दुपारी पेपर वाचायचा तर दिवा लावावा लागतो. आता बाबा कायमचे आमच्याकडे राहायला येतायत, त्यांना हीच खोली द्यायची आहे. म्हणून ठरवलं, ऊन आत येत नसेल तर भिंतींनाच उन्हाचा रंग देऊ.

शेडकार्डावर पाहिलेला पिवळा फार सुंदर होता. सकाळी साडेसातचं ऊन असतं ना, अगदी तसा. डबा आणला, रंगाऱ्याने दोन हात दिले. आणि आता ती खोली अंगावर येते. कार्डावरचा सौम्य पिवळा भिंतीवर पिवळाधमक झालाय. बरं, सगळीकडे तसाही नाही. भिंती मधोमध पिवळ्याधमक, आणि कोपऱ्यांत, छताच्या कडेला, दाराच्या चौकटीलगत चक्क हिरवट. शेवाळ धरल्यासारखं. रंगारी म्हणतो, "पिवळा असाच असतो ताई." दुकानदाराने कार्डाचा नंबर आणि डब्याचा नंबर जुळवून दाखवला. पण हिरवा आला कुठून, हे कुणीच सांगत नाही.

पिवळा मला सोडायचा नाहीये. लहानपणी आजारी पडलं की ज्या खोलीत झोपवायचे, तिथल्या दिव्याला पिवळ्या कापडाची शेड होती. अंगात ताप असला तरी त्या उजेडात बरं वाटायचं. बाबांच्या खोलीत मला तो उजेड हवाय. काय चुकलं आणि आता काय करू, सांगा.

कवडसा

आधी तीन गोष्टी सांगा. खोलीत दिवा कोणता आहे? फरशीचा रंग कोणता? आणि या पिवळ्याच्या आधी भिंतीला काय होतं?

फोटो टाकलात तरी त्यावरून फारसं कळणार नाही. पिवळी झाक दिसली की मोबाइलचा कॅमेरा ती दिव्याच्या उजेडाची समजतो आणि स्वतःच कमी करतो. पिवळ्या भिंतीचे फोटो बघून कुणी सल्ला देत असेल तर तो घेऊ नका.

ओसरी

दिवा पांढरा एलईडी, खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलंय. फरशी फिकट राखाडी. आधी भिंती आकाशी होत्या, बरीच वर्षं. प्रायमर दिलेला नाही. जुना रंग घट्ट आहे, नुसता घासून घेऊ, असं रंगारी म्हणाला होता.

रंगछटा

ओसरीताई, "आकाशी" या एका शब्दात तुमचं अर्धं उत्तर आहे. पण घाई नको, आधी खात्री करून घेऊ. मी बरीच वर्षं रंग मिसळण्याच्या कामात आहे आणि सगळ्यात जास्त तक्रारी पिवळ्याच्याच ऐकल्यात. लोक पिवळ्याला दोष देतात, पण तो बिचारा आजूबाजूला जे असेल ते उचलतो. खालचा रंग, समोरची भिंत, खिडकीबाहेरचं झाड, दिवा, सगळं.

कार्ड आणि भिंत यांत फरक का पडला, ते आधी. कार्डावरचा चौकोन एकटा असतो, भोवती पांढरा कागद. खोलीत चार भिंती एकमेकींसमोर उभ्या असतात. एका भिंतीवर उजेड पडला की तो पिवळा होऊन समोरच्या पिवळ्या भिंतीवर जातो, तिथून आणखी पिवळा होऊन परत येतो. दर फेरीला त्यातला निळा भाग गळत जातो. म्हणून कार्डावर आवडलेला पिवळा खोलीत दोन पायऱ्या गडद दिसतो. हे सगळ्याच रंगांत होतं, पण पिवळा भरपूर उजेड परतवतो त्यामुळे त्यात फार जाणवतं. तुमच्या डोळ्यांनी काही चूक केलेली नाही.

हे घरात पाच मिनिटांत बघता येतं. पांढरा जाड पुठ्ठा घ्या, उरलेल्या डब्यातल्या रंगाचे दोन हात द्या, वाळू द्या. मग तो मधोमध दुमडून पुस्तकासारखा अर्धवट उघडा आणि शिवणीत बघा. बाहेरच्या बाजूला जो रंग फिकट आहे तोच घडीच्या आत गडद, जवळजवळ केशरी दिसेल. तीच तुमची खोली.

आता हिरवा. त्याची तीन कारणं असू शकतात.

पहिलं म्हणजे खालचा आकाशी. आजचे बरेचसे झगझगीत पिवळे हे सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि ती द्रव्यं अर्धपारदर्शक असतात. रंग चढतो, पण झाकत नाही. पूर्वी पिवळ्या ऑइलपेंटमध्ये लेड क्रोमेट असायचं. ते एका हातात झाकायचं, पण त्यात शिसं, आणि शिसं विषारी. ते गेलं हे फार चांगलं झालं. बिस्मथ व्हॅनाडेट नावाचं एक द्रव्य आता त्याच्या जागी वापरतात, ते चांगलं झाकतं, पण महाग असल्यामुळे प्रत्येक डब्यात भरपूर नसतं. निळ्यावर पातळ पिवळा म्हणजे हिरवा, हे तर चित्रकलेच्या पहिल्या तासाला शिकवतात. भिंतीच्या मध्ये रोलर फिरतो, तिथे थर जाड बसतो. कोपऱ्यात, छताच्या कडेला, चौकटीलगत रोलर पोचत नाही, तिथे ब्रशने काठ ओढतात आणि तो थर पातळ असतो. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या हिरव्या जागा नेमक्या ब्रशच्या आहेत!

दुसरं कारण उजेड. आभाळाचा उजेड निळसर असतो, झाडाच्या पानांवरून आलेला हिरवट, आणि ६५०० चा दिवाही निळ्याकडे झुकलेला. ऊन न येणाऱ्या खोलीत थंड पिवळा याचमुळे हिरवा पडतो.

तिसरं कारण स्वतः पिवळाच. निळा गडद झाला तरी आपण त्याला निळाच म्हणतो. लाल गडद झाला तरी तो लालच. पिवळा गडद झाला की त्याचं नावच बदलतं, तो शेवाळी नाहीतर तपकिरी होतो. पिवळ्या रंगात थोडा काळा घालून बघा, करडा पिवळा न होता हिरवट चिखल होतो. अंधारा कोपरा म्हणजे पिवळ्यात घातलेला काळाच समजा.

यातलं तुमच्याकडे कोणतं, हे तो पुठ्ठाच सांगेल. तो पांढऱ्यावर रंगवलेला आहे, त्याच्याखाली आकाशी नाही. हिरवट कोपऱ्यात भिंतीला लावून धरा. पुठ्ठाही हिरवट दिसला तर दोष उजेडाचा. पुठ्ठा पिवळा राहिला आणि शेजारची भिंत हिरवी, तर दोष खालच्या रंगाचा. करून बघा आणि लिहा.

चांदणवेल

वा, रंगछटा! पुठ्ठ्याची युक्ती मी वहीत उतरवून घेतली.

निवांत

माझं मत थोडं वेगळं आहे. खोली अंधारी आहे, माणूस वयस्कर आहे, तर सरळ पांढरा द्यावा. पांढरा सगळ्यात जास्त उजेड परतवतो. पिवळ्या खोलीत चिडचिड होते, तान्ही बाळं जास्त रडतात, असंही वाचलंय.

कवडसा

निवांत, बाळांच्या रडण्याची गोष्ट सजावटीच्या प्रत्येक लेखात असते आणि प्रत्येक लेख ती दुसऱ्या लेखातून उचलतो. तिच्यामागे पुरावा नाही. एवढ्यावरून कुणाचा आवडता रंग सोडायला लावू नये.

पिवळा आणि आनंद यांवर मात्र खरोखर मोठं काम झालंय. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ देशांतल्या ६,६२५ लोकांना विचारलं होतं की पिवळ्या रंगाशी कोणत्या भावना जुळतात. फिनलंडमध्ये दहापैकी जवळपास नऊ जणांनी आनंद सांगितला. इजिप्तमध्ये शंभरात सहाच्या आसपास. विषुववृत्तापासून जितकं दूर आणि पाऊस जितका जास्त, तितका पिवळा आनंदाचा वाटतो. ज्याच्या डोक्यावर रोज ऊन तळपतं त्याला त्याचं काय कौतुक!

मला हे फार पटतं. ओसरीताईंची खोली म्हणजे घरातलं फिनलंडच आहे. तिथे पिवळा हवासा वाटणं अगदी स्वाभाविक आहे. हाच रंग दिवसभर उन्हात न्हाणाऱ्या खोलीला दिला असता तर मीच नको म्हणालो असतो.

आणि पांढऱ्याबद्दल: परतवायला मुळात उजेड पाहिजे ना. ऊन न येणाऱ्या खोलीत पांढरी भिंत राखाडी दिसते, सावल्या निळसर पडतात. फिनलंडमध्येच आल्वार आल्टो या वास्तुकाराने पाइमिओ इथे क्षयरोग्यांसाठी बांधलेलं आरोग्यधाम आहे, १९३३ चं. त्यातला मुख्य जिना आणि त्याची जमीन पिवळी आहे, मुद्दाम. बाहेर ढग असले तरी पायाखाली ऊन असावं म्हणून. भिंती सोडून जमीन पिवळी करायची, हा विचार मला अजूनही नवा वाटतो.

निवांत

पाइमिओबद्दल माहीत नव्हतं. बाळांचा मुद्दा मागे घेतो. पण छत तरी पांढरं ठेवा, एवढं ऐका.

ओसरी

छत पांढरंच आहे, निवांत. म्हणजे होतं. आता तेही पिवळसर दिसतंय, भिंतींचा रंग त्याच्यावर उडतोय.

रंगछटा, पुठ्ठा केला. दोन हात देऊन रात्रभर वाळवला, सकाळी आठला, दुपारी एकला आणि रात्री दिवा लावून कोपऱ्यात धरला. तिन्ही वेळा पुठ्ठा पिवळा. सकाळी जरा मळकट वाटला, पण पिवळाच. आणि त्याला चिकटून असलेली भिंत हिरवी! पुठ्ठ्याची कडा जिथे भिंतीला टेकते तिथे तर इतका स्पष्ट फरक की मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. पंधरा दिवस मी झाडाला दोष देत होते.

दुमडलेल्या घडीतला केशरीही दिसला. ते बघून थक्क झाले. एकच रंग, एकच पुठ्ठा.

रंगछटा

झालं तर मग. प्रायमरशिवाय गत्यंतर नाही.

आताचा पिवळा नीट वाळलेला असेल तर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, धूळ पुसा, आणि पूर्ण खोलीला पांढऱ्या प्रायमरचा एक हात द्या. कोपऱ्यांना आणि कडांना दोन. प्रायमर वाळल्यावर कोपऱ्यात उभं राहून बघा, जरासाही निळा किंवा हिरवा जाणवला तर आणखी एक. त्यानंतर पिवळ्याचे तीन हात धरून चाला, दोनात भागलं तर आनंदच. काठ ओढताना ब्रशचा थर ओला असतानाच रोलर जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा, म्हणजे चौकटीभोवती पट्टा दिसत नाही. रंगाऱ्याला एवढं नीट समजावून सांगा.

दुसऱ्या कुणी हे वाचत असेल तर एक महत्त्वाचं. घर फार जुनं असेल आणि खालचा पिवळा जुन्या ऑइलपेंटचा असेल, तर तो कोरडा घासू नका. त्यात शिसं असण्याची शक्यता असते आणि धूळ छातीत जाते. तपासून घ्या, ओलं करून घासा, लहान मुलांना घरात ठेवू नका.

आणि आता छटा पुन्हा निवडा. त्याच कार्डावर दोन पायऱ्या फिकट बघा आणि हिरव्या झाकेचा टाळून जरा मातकट, पिवडीकडे झुकलेला घ्या. कार्डावर तो फिका, निर्जीव वाटेल. वाटू दे. चार भिंतींवर चढला की तोच उजळेल. कार्डामागे एल.आर.व्ही. म्हणून आकडा असतो, ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा, १०० म्हणजे सगळा परतवणारा. अंधाऱ्या खोलीसाठी ७० च्या वरचं बघा.

चांदणवेल

पिवडीचं नाव निघालं म्हणून लिहिते, थोडं अवांतर होईल, पण राहवत नाही.

पिवडी म्हणजे पिवळी माती, तिचा रंग लोखंडाच्या गंजाच्या एका प्रकारामुळे असतो, ज्यात पाणी बांधलेलं असतं. ती तापवली की पाणी उडून जातं आणि माती लाल होते, गेरूसारखी. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत हजारो वर्षांपूर्वी रंगवलेल्या प्राण्यांमध्ये हीच पिवळी माती आहे. ती उडत नाही, काळवंडत नाही. मातीच ती, तिला आणखी काय व्हायचं!

बाकीच्या पिवळ्यांचं नशीब तसं नाही. १७९७ मध्ये व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्रोमियम शोधलं आणि त्यातून पुढे क्रोम यलो आला, झळझळीत. चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आर्ल गावात भाड्याने घेतलेलं घर बाहेरून पिवळं होतं, त्याचं चित्रही त्याने काढलं, आणि त्याच वर्षी सूर्यफुलं रंगवली ती याच क्रोम पिवळ्यात. तो पिवळा आता काही ठिकाणी तपकिरी पडत चाललाय. २०११ मध्ये क्ष-किरणांनी तपासून दाखवलं गेलं की उजेडामुळे त्यातल्या क्रोमियमचं रूपच पालटतं. ज्याने एवढं ऊन रंगवलं त्याचा रंग उजेडानेच काळवंडावा, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं होतं.

आणि एक आपल्या भाषेतलं. "हरताळ फासणे" आपण येताजाता म्हणतो. हरताळ हा पिवळाच रंग, गंधक आणि आर्सेनिकचं खनिज. पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळ फासायचे आणि वर नवीन अक्षर लिहायचे. जुना कागद पिवळसर, त्याच्याशी हा रंग जुळायचा, म्हणून पांढरा सोडून हा. चिनी भाषेतही याच खनिजावरून, याच वापरावरून वाक्प्रचार आहे, बेछूट बोलणाऱ्याला उद्देशून. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन भाषांना खोडरबर म्हणून पिवळाच सुचला!

सुईदोरा

चांदणवेल, हरताळाचं माहीत नव्हतं. किती वर्षं तो शब्द वापरतेय.

ओसरीताई, मी पडदे शिवते, म्हणून कापडाच्या बाजूने सांगते. भिंत पिवळी असणं आणि उजेड पिवळा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या आठवणीत दिव्याची शेड आहे, पिवळी भिंत नाही. हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुम्हाला कदाचित गाळून आलेला उजेड हवाय. मेक्सिकोत लुईस बारागान या वास्तुकाराचं एक घर आहे, कासा गिलार्दी, १९७६ चं. त्यातल्या अरुंद बोळात एका बाजूच्या भिंतीला उभ्या फटी आहेत आणि त्यांतून पिवळा उजेड आत झिरपतो. सगळा बोळ पिवळ्या उजेडाने भरून जातो. फोटो बघूनही अंगावर ऊब आल्यासारखी वाटते.

घरात हे एका पडद्यात होतं. पातळ सुती किंवा लिननचं फिकट पिवळं कापड, अस्तर न लावता, खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्हीकडे वीतभर जास्त. झाडाची हिरवट झाक त्यात पुष्कळ मरते. मात्र दोन्ही करू नका. पिवळी भिंत आणि वर पिवळा पडदा म्हणजे सगळं जगच पिवळं. आरशात बघाल तर चेहरा आजारी दिसेल. बाबांना रोज दाढी करताना तो चेहरा बघावा लागेल, हा विचार करा.

हीच गोष्ट कपड्यांची. पिवळा अंगाला शोभत नाही असं म्हणणाऱ्या बायकांना मी एकच सांगते, पिवळा गळ्याशी आणू नका, कमरेखाली घ्या. गळ्याजवळचं पिवळं कापड हनुवटीखाली पिवळा उजेड फेकतं. आणि पांढरे कपडे पिवळट पडले की नीळ देतो, ते त्याच हिशेबाने. नीळ मळ काढत नाही, पिवळ्याला निळ्याने मारते, आणि डोळ्याला पांढरं वाटतं.

कवडसा

नेमकं! म्हणूनच ६५०० चा दिवा पिवळ्या खोलीला मारक आहे, तो भिंतींना नीळ देतो. २७०० ते ३००० च्या दरम्यानचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा लावा, आणि खोक्यावर सी.आर.आय. (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वर असेल तर आणखी बरं.

पायवाट

धागा सुरुवातीपासून वाचतोय. बाबांची खोली म्हणून लिहितो. माझ्या आईची नजर गेली काही वर्षं बरीच कमी झाली आहे, त्यामुळे रंगाकडे मी वेगळ्या नजरेने बघायला शिकलो.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग स्वतःच पिवळसर होत जातं. त्यांना निळा काळपट वाटतो, निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. पिवळा मात्र शेवटपर्यंत नीट पोचतो. रेल्वे स्थानकांवर, पदपथांवर उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या असतात ना, त्या सेइइची मियाके या जपानी गृहस्थांनी शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. पूर्ण अंध माणसाला उंचवटा पायाला कळतो, पण अंधुक दिसणाऱ्यांना वाट दाखवतो तो पिवळा. टेनिसचा चेंडू पांढऱ्याचा पिवळा झाला तोही दिसण्यासाठीच, टीव्हीवर. नियम १९७२ चा, विम्बल्डनने मात्र १९८६ पर्यंत वाट पाहिली.

पण पिवळा एकटा कामाचा नाही, त्याच्या शेजारी गडद काहीतरी लागतं. आमची चूक इथेच झाली. आईच्या खोलीला आम्ही हौसेने फिकट पिवळा दिला. बटणं पांढरी, दाराची मूठ पितळी. पहिल्या आठवड्यात ती रात्री उठली आणि दिव्याचं बटण शोधत भिंतीवरून हात फिरवत राहिली, पाच-सात मिनिटं. आम्हाला हाकही मारली नाही. सकाळी तिने सहज सांगितलं तेव्हा मी बटणासमोर उभा राहून डोळे किलकिले करून बघितलं. पांढरं बटण पिवळ्या भिंतीत पार विरघळून गेलं होतं. दोन्ही तितकेच उजळ, वेगळे कळणार कसे? त्याच दिवशी बटणांच्या भोवती गडद तपकिरी पट्टी लावली. ती अजून आहे.

तेव्हा ओसरीताई, बटणं, दाराची मूठ, पलंगाची कड, न्हाणीघराचा उंबरा, हे सगळं भिंतीपेक्षा चांगलं गडद ठेवा. आणि संध्याकाळचं लक्षात असू द्या. उजेड मंदावला की डोळ्याला पिवळा-लाल आधी अंधारतात आणि निळे टिकतात. पिवळी खोली तिन्हीसांजेला एकदम मावळते. दिवा लवकर लावायचा, किंवा पलंगाजवळ एक छोटा कायम ठेवायचा.

ओसरी

पायवाट, हे वाचून उठले आणि थेट त्या खोलीत गेले. बटणं पांढरी आहेत. मला एकदाही सुचलं नव्हतं. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

मोगरी

गॅलरीसाठी विचारायचं होतं. पिवळा दिवा लावला की किडे येत नाहीत म्हणतात, पण कुंड्यांत माशा पकडायला चिकट पत्रे पिवळेच मिळतात. मग खरं काय?

रंगछटा

दोन्ही खरं, मोगरीताई. रात्री उडणारे बरेच किडे निळ्या आणि अतिनील उजेडाकडे ओढले जातात, पिवळ्या दिव्यात तो कमी असतो म्हणून कमी येतात. अजिबात येत नाहीत असं नाही. दिवसा मावा, पांढरी माशी वगैरे मंडळी पिवळा रंग बघून कोवळं पान समजून झेपावतात, म्हणून चिकट पत्रा पिवळा. गॅलरीच्या भिंतीला लख्ख पिवळा देणार असाल आणि खाली रोपं असतील तर हे आधी लक्षात घ्या.

चांदणवेल

ओसरीताई, छटा ठरली का? क्लोद मोने या चित्रकाराच्या जिव्हेर्नीच्या घरातली जेवणाची खोली शोधून बघा. भिंती फिकट पिवळ्या आणि कपाटं, चौकटी त्याहून गडद पिवळ्या. पण दार उघडलं की पलीकडे निळं स्वयंपाकघर दिसतं. इतका पिवळा सहन होतो तो त्या निळ्यामुळे, असं मला वाटतं.

ओसरी

महिन्याने लिहितेय, माफ करा.

पांढऱ्या प्रायमरचे सगळीकडे दोन हात दिले. रंगारी आधी तयार नव्हता, मग त्याला पुठ्ठा दाखवला. कोपऱ्यात धरून, काही न बोलता. त्याने पुठ्ठा हातात घेऊन दोनदा मागेपुढे केला आणि म्हणाला, "प्रायमर मारू ताई." पुढचं काम त्याने फार मन लावून केलं.

पिवळा बदलला. आधीच्यापेक्षा तीन पायऱ्या फिकट, पिवडीकडे झुकलेला. कार्डावर अगदीच मलूल होता, पैसे देताना धाकधूक होती. तिसरा हात वाळला आणि खोली सकाळी साडेसातची झाली. खिडकी असलेली भिंत मात्र पिवळी केली नाही, तिच्यावर उजेड पडतच नाही, ती कोमट पांढरी ठेवली. पडदा साधा पांढरा. सुईदोराचं ऐकून पिवळं कापड शेडला वापरलं, पलंगाजवळच्या दिव्याला. २७०० चा दिवा. बटणांभोवती गडद तपकिरी पट्टी, दाराची मूठ काळी.

बाबा येऊन आठ दिवस झाले. खुर्ची त्यांनी स्वतःच खिडकीसमोरच्या पिवळ्या भिंतीला टेकवून ठेवली आहे, पेपर तिथे बसून वाचतात, साडेचारपर्यंत दिवा न लावता. रंगाबद्दल एक शब्द बोललेले नाहीत.

फक्त परवा, दार लावताना त्यांना दाराच्या मागे, खाली, पंजाएवढा एक तुकडा दिसला. तिथे प्रायमर राहून गेलाय, जुन्या आकाशीवर थेट पिवळा. मला हाक मारून विचारलं, "हा हिरवा इथे कशाला दिलास?" उद्या दार काढून तेवढं करून घेते. डब्यात रंग उरलाय.